तापाच्या दिवसाची हजेरी

गेल्या महिन्याच्या बैठकीत भावाचा आणि पीकविम्याचा विषय संपला, चहा झाला, माणसे उठायला लागली आणि मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कापसाचं झालं, सोयाबीनचं झालं. साइटवर गेलेल्या लेकराचं कधी निघायचं?"

त्यांचा मुलगा पुण्याकडे एका साइटवर बिगारी म्हणून गेला होता. घरी दोन एकर कोरडवाहू, बाप नाही, मुकादमाकडून वीस हजार उचल घेतलेली. ऐन पावसाळ्यात त्याला थंडी वाजून ताप भरला. तिसऱ्या दिवशी स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी खाडा चालत नाही. खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर उचलीच्या वहीत मुकादम काय लिहील ते त्यालाच ठाऊक. पोराने दुकानातून दोन गोळ्या घेतल्या आणि दिवसभर घमेली वाहिली. सातव्या दिवशी त्याला एसटीत बसवून गावाकडे पाठवून दिले. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासले तर मलेरिया निघाला. पत्र्याच्या खोलीत ते आठजण राहत होते. त्यांतल्या पाचजणांना मागेपुढे तोच ताप आला.

मुलगा वाचला. पण त्या बाईंना त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाही धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

शेतकऱ्यांच्या पत्रकात बांधकाम मजुरांचा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याने दिवाळीनंतर आपल्याच गावातली कुलपे मोजावीत. साइटवरचा मजूर काही आकाशातून पडत नाही. पिकाचा खर्च निघाला नाही की तोच शेतकरी फावडे घेऊन शहरात उभा राहतो. आठ महिने तो त्यांच्या हिशेबात मजूर आणि चार महिने आमच्या हिशेबात शेतकरी, आणि आजारी पडला की कुणाच्याच हिशेबात नाही.

साहेब लोकांचे ठरलेले म्हणणे असे, की या लोकांना स्वच्छतेची सवय नाही, म्हणून साथी पसरतात. साइटच्या दारावर फलक लावलेला असतो, हात धुवा. कुठे धुवा? दीडशे माणसांत दोन नळ, ते दिवसातून तासभर येणारे. पिण्याचे पाणी टँकरचे, तेही ज्या हौदातून सिमेंटला जाते त्याच हौदातले. संडास चार, त्यांतले दोन तुंबलेले. अशा ठिकाणी जुलाब, कावीळ, विषमज्वर झाला नाही तरच नवल. सवयीचा प्रश्न असता तर हाच माणूस गावात राहूनही असाच आजारी पडला असता.

मलेरियाचे तर उघडउघड गणित आहे, आणि ते प्रत्येक इंजिनिअरला माहीत असायला हवे. शहरातला मलेरिया पसरवणारा डास, ॲनाफिलिस स्टीफेन्सी, गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ साठलेले पाणी लागते. मुंबईत हे कळून शंभरावर वर्षे झाली. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईच्या मलेरियावरचा अहवाल आला तेव्हा विहिरी आणि हौदांकडे बोट दाखवले गेले होते. आता विहिरींच्या जागी साइट आल्या. स्लॅब पडला की त्यावर आळी करून पाणी साठवतात. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवायचे असते. अंडे घातल्यापासून डासाला पंख फुटायला उन्हाळी हवेत लागतात आठदहा दिवस. म्हणजे काँक्रीट पिकते तेवढ्यातच डासही पिकतो. त्यात लिफ्टचा खड्डा, तळघर, उघडे पिंप. लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी तर पावसाळाभर कुणी बघतही नाही.

उपाय काही विलायती नाहीत. आळ्यांऐवजी स्लॅबवर ओले गोणपाट टाकावे. आळी केलीच तर आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण सोडून स्लॅब कोरडा होऊ द्यावा आणि मग पुन्हा भरावे. खड्ड्यावर पंप लावावा, हौदाला घट्ट झाकण बसवावे, झाकता येत नाही तिथे गप्पी मासे सोडावेत. एका फ्लॅटच्या किमतीत हा खर्च शोधूनही सापडणार नाही. मच्छरदाणी रात्री हवीच, पण तेवढ्यावर निभत नाही, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तो पिंपात वाढतो.

पण डास एकटा काही करू शकत नाही. त्याला आधी आजारी माणसाचे रक्त लागते. खोलीत एकजण ताप अंगावर काढत झोपला असेल तर डास तिथून घेतो आणि शेजाऱ्याला देतो. म्हणून ताप आल्याच्या दिवशीच रक्त तपासणे आणि औषध सुरू करणे हे बाकी सातजणांचे संरक्षण आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध फुकट आहे. आणखी एक गोष्ट घरोघरी सांगायला हवी. व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात. ताप तीन दिवसांत उतरतो, पण दडलेले जंतू मारण्याच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले की मजूर घमेले उचलतो, गोळ्या उशाखाली राहतात आणि दोन महिन्यांनी ताप पुन्हा येतो. मग लोक म्हणतात, सरकारी औषधाला गुण नाही.

क्षयाची गोष्ट आणखी वाईट, कारण तो थंडी वाजवून सांगत येत नाही. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत आठजण, खिडकी नाही, असली तर थंडीमुळे आणि चोरांच्या भीतीने बंद. एकाला खोकला. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासायची, हे पाठ झालेले वाक्य आहे. पण तपासायला जायचे म्हणजे पुन्हा खाडा. त्यात जो दगड आणि फरशी कापतो त्याच्या छातीत सिलिकाची धूळ बसते आणि अशा छातीत क्षय लवकर घर करतो. औषध साधारण सहा महिन्यांचे, साइट चार महिन्यांची. साइट संपली की टोळी दुसऱ्या गावाला, औषध पहिल्या गावाला. अर्धवट औषधाने क्षय चिवट होतो आणि साध्या गोळ्यांना दाद देत नाही. खरे तर रुग्णाची नोंद 'निक्षय'वर झालेली असते, त्या नंबरावर देशात कुठल्याही सरकारी केंद्रात उपचार पुढे चालू करता येतात. उपचार चालू असताना खुराकासाठी महिन्याला हजार रुपयेही मिळतात, २०२४ च्या नोव्हेंबरापूर्वी ते पाचशे होते. आमच्या बैठकीत हात वर करायला सांगितले तेव्हा ही नंबराची गोष्ट दोघांनाच ठाऊक होती.

आता मुद्द्यावर येतो. पाणी, खोली, डास हे सगळे खरे, पण साइटवर आजार पसरण्याचे मूळ त्या हजेरीच्या वहीत आहे. ज्या माणसाचा तापाचा दिवस म्हणजे बिनमजुरीचा दिवस, तो ताप लपवणारच. त्याला कितीही आरोग्याची भाषणे ठोका. कारखान्यातल्या विमा असलेल्या कामगाराला आजारपणात मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. कागदावर ती योजना बांधकामालाही लागू केली गेली. पण मुकादमाच्या वहीत नुसते 'सहा बिगारी' म्हणून लिहिला जाणारा माणूस त्या कागदावर पोचतच नाही.

ठेकेदार म्हणतील, आजारपणाची हजेरी दिली तर सगळे सोंग घेऊन पडतील. आम्ही म्हणतो, दवाखान्याची चिठ्ठी मागा. आणि हिशेबच करायचा तर पुरता करा. त्या बाईंच्या मुलाच्या खोलीत तो धरून सहाजण आजारी पडले. प्रत्येकी एक आठवडा धरला तरी बेचाळीस खाडे झाले. पहिल्याला पहिल्याच दिवशी हजेरी न कापता दवाखान्यात पाठवले असते तर ठेकेदाराचे किती गेले असते? तीनचार दिवसांची मजुरी. एवढा आतबट्ट्याचा व्यवहार शेतकऱ्याने केला असता तर त्याला शहाण्यांनी अडाणी म्हटले असते.

ज्यांना वाटते की शिस्त आणि साबण यांनी भागते, त्यांनी २०२० सालचे सिंगापूर आठवावे. रस्त्यावर थुंकले तर दंड करणारा तो देश. तिथे इमारती बांधायला आपल्याकडचे तमिळ आणि शेजारचे बांगलादेशी मजूर मोठ्या संख्येने जातात. ते मोठ्या वसतिगृहांत राहत, एकेका खोलीत बाराबारा, कुठे वीस. करोना आला तेव्हा बाहेरच्या वस्तीत लागण फार थोडी राहिली आणि वसतिगृहांत आगीसारखी पसरली. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिथल्या सरकारनेच सांगितले, की वसतिगृहांतल्या ४७ टक्के मजुरांना लागण होऊन गेली. तिथे पैसा कमी नव्हता, पाणी कमी नव्हते. माणशी जागा कमी होती.

आपल्याकडे त्या साली काय झाले ते सांगायला नको. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, बारापासून देश बंद. साइट बंद, मुकादमाचा फोन बंद, आणि माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली. त्या वेळी आपण काय केले? कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. आपल्याच भावकीतली माणसे चौदा दिवस शाळेच्या वऱ्हांड्यात ठेवली. अंतर राखणे चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. पण काही ठिकाणी त्यांना पाणी भरायलाही हातपंपावर येऊ दिले नाही, हे आम्ही पाहिले आहे, आणि ते आमच्या मनातून जात नाही.

कायदा नाही म्हणून हे होते असे समजू नका. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी कायदा केला. पिण्याच्या पाण्याची जागा संडास, मुतारी आणि धुण्याच्या जागेपासून सहा मीटर दूर हवी, राहण्याची तात्पुरती जागा मालकाने फुकट द्यावी, तिथे स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासाची सोय हवी, असे सगळे त्यात लिहिलेले होते. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन तो मजुरांवर खर्च करायचा होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हिशेब आला तेव्हा देशभरात ३७ हजार कोटींवर रक्कम जमा झालेली आणि साडेनऊ हजार कोटींच्या आसपास खर्च झालेली. २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा जाऊन नव्या संहिता लागू झाल्या. कायद्याचे नाव बदलले, हौद तोच आहे. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा तर दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांसाठी होता. बीडहून पुण्याला गेलेला माणूस त्यात बसलाच नाही. मंडळाच्या नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गावात बघा, ज्याने आयुष्यात थापी धरली नाही त्याच्या खिशात कार्ड, आणि दहा साइट फिरलेल्या बिगाऱ्याला दाखला देणारा कुणी नाही.

एवढे दुसऱ्यांना सुनावल्यावर थोडे घरातलेही बोलू. मुकादमांमध्ये आपलीच माणसे आहेत, काही तर या बैठकांना येतात. द्राक्षाच्या छाटणीला डोंगरातून येणाऱ्या जोडप्यांना आपण कुठे झोपवतो? पंपाच्या खोलीत, औषधाच्या डब्यांशेजारी. त्यांच्या तापाच्या दिवसाची हजेरी आपण देतो का? ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

आमचे म्हणणे असे, की सरकारी इन्स्पेक्टरची वाट पाहत बसू नये. उचल घेतो त्या वेळी मजुराचा हात थोडा तरी वर असतो, कारण मुकादमाला टोळी हवी असते. तेव्हाच बोलायचे, आणि एकट्याने नाही, गावाने. तापाच्या किंवा खोकल्याच्या तपासणीला गेल्याचा दिवस हजेरीत धरायचा. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले विश्रांतीचे दिवस किमान निम्म्या मजुरीने द्यायचे आणि ते उचलीवर चढवायचे नाहीत. पिण्याचे पाणी सिमेंटच्या हौदातले नको. खोलीत माणसे किती, हे निघण्याआधी ठरवायचे. बाया बरोबर असतील तर संडास वेगळा, हे बोलायला लाजू नये. लेकरे जात असतील तर त्यांचे लसीचे कार्ड बोचक्यात हवे. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली ती लस चुकलेल्या लेकरांतच जास्त पसरली. हे सगळे एका साध्या कागदावर लिहून दोन्ही सह्या घ्याव्यात. कोर्टात तो कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा, पण पुढच्या हंगामाला ज्याला टोळी न्यायची आहे तो मुकादम तो सहज मोडणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने यादी आणावी. कोण गेले, कुठल्या साइटवर, मुकादम कोण, आणि कुणाचे क्षयाचे किंवा मलेरियाचे औषध चालू आहे, हे त्या माणसाला विचारून त्याची हरकत नसेल तरच. आशाताईंना बरोबर घ्यावे, त्यांना निम्मी यादी तोंडपाठ असते. मुकादमांनाही बोलावले आहे. तिघांनी येतो म्हटले आहे, बाकीच्यांना त्या त्या गावच्या कार्यकर्त्यांनी आणायचे आहे.

त्या बाईंचा मुलगा पुन्हा निघणार आहे. मुकादम तोच, उचलीतले अकरा हजार अजून फिटायचे आहेत. त्याचा कागद आम्ही पहिला करणार आहोत.