गंगाराम कांबळे यांचे हॉटेल आणि आपली दानत

स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची नामावली छापण्याची परंपरा जुनी आहे आणि ती योग्यही आहे. निवासी विद्यालय चालते ते अशा अनेकांच्या हातभारावर. कोणी धान्याची पोती पाठवितो, कोणी वर्गखोली बांधून देतो, कोणी एका मुलाचा वर्षभराचा खर्च उचलतो. त्या सर्वांविषयी कृतज्ञता बाळगूनच एक प्रश्न येथे मांडावासा वाटतो. माणसाला खऱ्या अर्थाने उभे करणारी मदत कोणती? याचे उत्तर मला शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरातील एका चहाच्या हॉटेलात सापडते. त्या हॉटेलाचे मालक होते गंगाराम कांबळे.

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीस होते. महाराज परगावी असताना स्पृश्यांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला, असा ठपका ठेवून तेथील काही सेवकांनी त्यांना निर्दयपणे मारहाण केली. महाराज परतल्यावर गंगारामांनी त्यांच्यापुढे आपली पाठ उघडी केली. महाराजांनी अपराध्यांना शासन केले. पण शिक्षा देऊन प्रश्न संपत नाही, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. त्याच नोकरीत, त्याच माणसांमध्ये गंगाराम राहिले असते, तर त्यांच्या पाठीवरचे वळ बुजले असते, मान मात्र खालीच राहिली असती. म्हणून महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे केले, भांडवल दिले आणि स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले.

गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल थाटले. दुकान स्वच्छ होते, चहा उत्तम होता. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कोणी? तेव्हा महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. ते गंगारामांना हाक मारून चहा मागवीत, स्वतः पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजीत. कामकाजासाठी महाराजांच्या सहीची वाट पाहणाऱ्या मंडळींनाही तो चहा घ्यावा लागे, असे कोल्हापुरात आजही सांगतात. राजा जो चहा पितो, तो प्रजेला कसा बाटवील? हळूहळू गर्दी वाढली आणि धंदा चालू लागला.

या प्रसंगाकडे आपण बहुधा महाराजांच्या मनाच्या मोठेपणाची कथा म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण तिच्यातील व्यवहारही तितकाच शिकण्यासारखा आहे. महाराजांना गंगारामांना तनखा लावून देता आला असता आणि दरमहा चार रुपये घरी पोहोचले असते. तसे झाले असते, तर गंगाराम आयुष्यभर आश्रित राहिले असते. महाराजांनी त्यांना भांडवल दिले आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते स्वतः त्यांचे गिऱ्हाईक झाले. दाता आणि याचक यांच्यात एक पायरी असते. दुकानदार आणि गिऱ्हाईक मात्र एकाच पातळीवर उभे असतात. एकाच्या हातात माल असतो, दुसऱ्याच्या हातात दाम. समतेचा हा धडा कोणत्याही व्याख्यानाहून प्रभावी होता.

हा धडा हॉटेलातच दिला गेला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. अस्पृश्यतेची सर्वांत तीक्ष्ण धार अन्नपाण्यातच होती. बाबासाहेबांनी आपल्या बालपणीची 1901 सालची गोरेगावच्या प्रवासाची आठवण लिहून ठेवली आहे. मुलांजवळ शिदोरी भरपूर होती, पण वाटेत पाणी देणारे कोणी भेटले नाही. अन्न जवळ असूनही ती मुले उपाशी झोपली. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो संघर्ष झाला, तो याच पाण्यासाठी होता. पुढे भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख झाला आणि तेथील प्रवेशास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांनी कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे ठरले. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव यावे, हे ज्यांना नवल वाटेल, त्यांनी वेगळ्या कपबशीचा इतिहास आठवावा. संविधानाने गिऱ्हाईकाला हॉटेलचे दार उघडून दिले. गंगारामांनी त्याआधीच गल्ल्यावर बसण्याचा, म्हणजे मालक होण्याचा हक्क मिळविला होता.

कथेचा उत्तरार्ध मात्र आपण क्वचितच सांगतो. 6 मे 1922 रोजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर गंगाराम कांबळे यांनी आपल्या समाजबांधवांना सोबत घेऊन कोल्हापुरात महाराजांचे स्मारक उभारले. महाराजांच्या अगदी पहिल्या स्मारकांत त्याची गणना होते. ज्या राज्यात सरदार होते, जहागीरदार होते, तेथे एका चहावाल्याने हे कार्य मनावर घेतले. ज्याला हात देऊन उभे केले, तोच पुढे देणारा झाला. मदत सार्थकी लागली की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

आपल्या परिसरालाही हा विचार परका नाही. बोळिंजपासून सोपारा हाकेच्या अंतरावर आहे. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली केले आणि प्राचीन शूर्पारक बंदराची धम्मपरंपरा जगापुढे आली. त्याच शूर्पारकच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात आहे. पूर्ण हा दासीपुत्र. घरात त्याला बरोबरीचा वाटा नव्हता. पण त्याने सचोटीने व्यापार केला, समुद्रपर्यटने केली, धन मिळविले आणि अखेर तो तथागतांच्या संघात प्रविष्ट झाला. त्याच्या कथेतील चंदनाचा प्रासाद याच नगरीत उभा राहिल्याचे तो ग्रंथ सांगतो. धम्माने व्यापाराला कधी कमी लेखले नाही. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे आणि दान ही दहा पारमितांतील पहिली पारमिता आहे. प्रामाणिकपणे मिळवावे आणि आनंदाने द्यावे, अशी ही सांगड आहे.

आता आपल्याकडे वळू. विरार आणि बोळिंजच्या बाजूस गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. पहाटेची लोकल पकडणाऱ्या हजारो माणसांना नाश्ता, डबा आणि पोळीभाजी हवी असते. आपल्यातील काही भगिनी घरून डबे देतात, काही तरुणांनी वडापावची गाडी किंवा छोटी खानावळ सुरू केली आहे. समाजाच्या व्यासपीठावर त्यांना किती वेळा बोलावले जाते? आपण सत्कार करतो तो परीक्षा उत्तीर्ण होऊन साहेब झालेल्यांचा. तो व्हावाच, पण भल्या पहाटे उठून शेगडी पेटविणारा माणूसही कुणाच्या उपकारावर जगत नाही आणि जमले तर आणखी दोघांना काम देतो, याची नोंद कोणी घ्यायची? आणखी एक कटू सत्य असे की, आपल्याच माणसाच्या दुकानात आपण उधारी मागतो, भावात घासाघीस करतो. बुद्धपौर्णिमेच्या वा 14 एप्रिलच्या भोजनाचे काम मात्र दुसऱ्याच केटररला सांगतो.

यावर कोणी म्हणेल, आपल्या माणसाकडूनच घ्या असे सांगणे म्हणजे नवी जातीयता नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर त्या कोल्हापूरच्या हॉटेलातच आहे. महाराज गंगारामांच्या जातीचे नव्हते, आणि ते हॉटेलही एका समाजापुरते नव्हते. ज्याच्या दारात केवळ जन्मामुळे गिऱ्हाईक येत नाही, त्याच्या दारात पहिले पाऊल टाकणे, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे पाऊल चवीने, स्वच्छतेने आणि चोख हिशेबानेच पडले पाहिजे. चहा बेचव असेल, तर तसे सांगणे हेही गिऱ्हाईकाचे कर्तव्यच आहे.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे तीन विनम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्या देणग्यांतील काही भाग बीजभांडवल म्हणून राखावा. शाळा सोडून छोटा धंदा उभारू पाहणाऱ्यास ते बिनव्याजी मिळावे, आणि धंदा स्थिरावल्यावर त्याने ते पुढच्या मुलासाठी परत करावे. दुसरी, संस्थेच्या कार्यक्रमांतील भोजनाचे काम आपल्या होतकरू व्यावसायिकांना पूर्ण मोबदला देऊन द्यावे. तिसरी, देणगीदाराने वर्षातून एकदा तरी मुलांच्या पंगतीत बसून त्यांचेच जेवण जेवावे, स्वतःचे ताट स्वतः धुवावे आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या मावशींची विचारपूस करावी. या स्मरणिकेच्या नामावलीत त्या मावशींचीही नावे असावीत, असे मला मनापासून वाटते.

वसतिगृहाच्या पंगतीने आपल्याला एक संस्कार दिला आहे. तेथे वाढणारा आणि जेवणारा आलटूनपालटून एकच असतो; आज जो वरण वाढतो, तो उद्या पाटावर बसतो. महाराजांचा तो चहा आणि गंगारामांनी उभारलेले ते स्मारक यांतून हाच संस्कार दिसतो. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला देणाऱ्याच्या जागी बसता यावे, यासाठी त्याच्या दुकानाची पायरी चढणारे पहिले गिऱ्हाईक आपण होऊ या.