उभ्या रानाला अनुदान नाही

सरकार झाड लावायला पैसे देतं, झाड राखायला देत नाही. माझ्या सगळ्या तक्रारीचं सार एवढंच. ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितो.

कोकणातल्या डोंगरउतारांवरचं पुष्कळसं रान आजही लोकांच्या मालकीचं आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, सातवीण, मध्ये करवंदाच्या जाळ्या, खाली पालापाचोळ्याचा हातभर थर. हे कुणी लावलेलं नाही. आजोबा-पणजोबांनी फक्त तोडलं नाही, एवढंच. पण सातबारा काढून पाहा. ही जमीन तिथे 'वरकस' म्हणून तरी असते, नाहीतर 'पोटखराबा' म्हणून. पन्नास वर्षं मराठी शिकवण्यात आणि वाचण्यात गेली, त्यामुळे शब्द मला टोचतात. ज्या जमिनीवर शंभर जातीची झाडं सुखाने उभी आहेत तिला आपण कागदावर 'खराब' म्हणतो!

आता हिशेब बघा. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड १९९० साली सुरू झाली. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिच्यात कोकणात एका शेतकऱ्याला दहा हेक्टरपर्यंत लागवड करता येते आणि अनुदान तीन वर्षांत मिळतं: पहिल्या वर्षी ५० टक्के, मग ३०, मग २०. शिवाय बांबूला वेगळं अनुदान. म्हणजे खड्डे मारले, कलमं लावली, जगवली की पैसे. आणि शेजारच्या माणसाने रान तसंच राखलं तर? शून्य. तेच रान त्याने कोळशासाठी नाहीतर लाकडासाठी व्यापाऱ्याला दिलं तर आधी लाकडाचे पैसे हातात येतात आणि मग मोकळ्या उतारावर काजूची लागवड. एकाच जमिनीतून दोनदा कमाई. राखणाऱ्याने काय करायचं, पालापाचोळा मोजत बसायचं?

माझं भांडण काजूशी नाही, शेतकऱ्याशी तर मुळीच नाही. १९९० नंतर आंबा-काजूने कोकणातल्या कितीतरी घरांत पैसा आणला, मुलं शिकली. ओसाड माळावर, पडीक जमिनीवर खुशाल लावा, सरकारने जास्त पैसे द्यावेत. पण रान काढून लावलेल्या बागेला आणि माळावर लावलेल्या बागेला एकाच मापाने मोजू नका. पहिल्या ठिकाणी जे गेलं ते तीन वर्षांत काय, तीस वर्षांतही परत येत नाही. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी घालते. ती ढोली जुन्या बेहड्याला असते, काजूच्या कलमाला नसते.

गंमत म्हणजे हे नुकसान आकड्यांत दिसतच नाही. देशाच्या वनसर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्क्यांहून जास्त छत्र असलं की ते 'वनाच्छादन'. मालक कोण, झाड कुठलं, हे विचारायचं नाही. त्यामुळे आज राई तोडली आणि काही वर्षांत तिथे काजू वाढला की उपग्रहाला पुन्हा हिरवंच दिसतं. अहवालात सगळं क्षेम आहे.

कुणी म्हणेल, तोडीवर कायदा आहे की. आहे, १९६४ पासून आहे. ठरावीक झाडांना परवानगी लागते. आणि १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने तर खासगी रानं सरकारकडे घेण्याची सोय केली. त्यातून गावागावांत लोक काय शिकले? रान राखलं की जमीन जाते, तोडलं की जमीन राहते. धाकाने रान वाचत नाही, उलट लोक कुऱ्हाड लवकर उचलतात.

बाहेर काय झालं तेही पाहू. चिलीने १९७४ साली हुकूम काढून खासगी जमिनीवरच्या लागवडीचा ७५ टक्के खर्च द्यायला सुरुवात केली. २०१२ पर्यंत हे चाललं. पाइन आणि निलगिरी अफाट वाढली, आणि काही भागांत मूळचं जंगल काढून ती लावली गेली. उलट कोस्टा रिकाने १९९६ साली कायदा केला आणि १९९७ पासून उभं जंगल राखणाऱ्या मालकालाही पैसे देऊ लागला. इंधनावरच्या करातला वाटा त्यासाठी ठेवला. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे. सगळं श्रेय या पैशाला देता येणार नाही, पण दिशा कुठली बरोबर ते कळतं.

मग करायचं काय? तीन गोष्टी. एक, लागवडीचा अर्ज आला की त्या गटाची दहा वर्षांपूर्वीची उपग्रहचित्रं बघा, आणि तिथे रान होतं असं दिसलं तर अनुदान नाही. दोन, उभ्या रानाला हेक्टरी दरवर्षी पैसे द्या. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण नेमाने द्या, आणि पाहणी ग्रामसभेला करू द्या. तीन, हे पैसे घेतले म्हणून जमीन सरकारजमा होणार नाही, असं कायद्यात स्वच्छ लिहा.

आता थोडं घरचं. आमच्या सामाईक रानाचा विषय भाऊबंदांत पुन्हा निघाला आहे. मुंबई-पुण्याची मंडळीही हे वाचतात, म्हणून इथेच सांगतो. "अण्णा, नुसतं पडून आहे, काजू लावला तर अनुदान तरी मिळेल," हे म्हणणं मी नीट ऐकलं आहे आणि त्यातला हिशेब चूक नाही. हिशेब सरकारने तसा मांडून ठेवला आहे. पण रान 'पडून' नाही, उभं आहे. खालच्या पडीक तुकड्यात लागवड करायची असेल तर आजच सही करतो. वरच्या राईसाठी मात्र माझी सही मिळणार नाही.