कोठार कोणाचे, किल्ली कोणाची?

माझा एक जुना विद्यार्थी आठ-नऊ सहकाऱ्यांसह पुण्यात सॉफ्टवेअर-निर्मितीचा व्यवसाय करतो. आपले कोड कोणत्या सेवेकडे ठेवावे, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक तक्ता केला आणि तो मला दाखवला. दर, वेग, सोयी असे रकाने होते. मालकीचा रकाना नव्हता. अर्थशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या माणसाने असा तक्ता करावा, याचा दोष विद्यार्थ्यापेक्षा शिक्षकाकडेच अधिक जातो, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

“गिटहबवर सगळेच आहेत, शिवाय ते फुकट आहे,” हा त्यांचा युक्तिवाद. अडत्याच्या दुकानाविषयी शेतकरीही हेच सांगत आला आहे. तिथे उचल मिळते, वजनकाटा तयार असतो, गिऱ्हाईक तिथेच येते. माल दुसऱ्या दारी नेण्याचे आपले स्वातंत्र्य केव्हा संपले, हे त्याला दरावरून कुरबूर झाल्यावरच उमगते.

गिट या साधनाचा जन्मच मुळी अशा एका धड्यातून झाला. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारी मंडळी २००२ पासून बिटकीपर ही खासगी मालकीची प्रणाली विनामूल्य वापरीत होती. २००५ मध्ये मालक कंपनीने ती सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट उभे केले. त्यात कामाचा संपूर्ण इतिहास प्रत्येक सहकाऱ्याच्या यंत्रावर राहतो. मध्यवर्ती कोठाराची तांत्रिक गरजच उरत नाही. ज्या साधनाने कोठारवाल्याची सत्ता मोडली, त्याच साधनाभोवती २००८ मध्ये गिटहबचे नवे कोठार उभे राहिले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले.

एवढी किंमत कशाची? कोड तर प्रत्येकापाशी होतेच. किंमत होती कोडभोवती साचलेल्या श्रमांची: नोंदवलेल्या त्रुटी, त्यांवरील वर्षानुवर्षांच्या चर्चा, एकमेकांचे काम तपासण्याची बसलेली घडी, मुलाखतीत दाखवावयाची प्रत्येक तरुणाची ओळख. गिटच्या प्रतीबरोबर यातले काहीच हलत नाही. पुढे याच सार्वजनिक कोडवर शिकवलेले कोपायलट २०२२ मध्ये महिना दहा डॉलरने विक्रीस आले. वरकड मूल्य समजावताना मला जन्मभर गिरणीचेच उदाहरण द्यावे लागले. निवृत्तीनंतर दुसरे मिळाले, एवढीच काय ती हळहळ! डिसेंबर २०२५ मध्ये तर खासगी प्रकल्पांच्या चाचण्या ग्राहकाने स्वतःच्या यंत्रावर चालवल्या तरी दर मिनिटाला आकार लावण्याचे जाहीर झाले. ओरड होताच ते पुढे ढकलले गेले. पुढे ढकलले, हे ध्यानात घ्यावे.

आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांपायी इराण, सीरिया व क्रिमियातील प्रोग्रामरांची खासगी कोठारे बंद झाली. इराणसाठी परवाना मिळाला तो जानेवारी २०२१ मध्ये. त्या तरुणांचा अपराध कोणता, तर पत्ता! गूगलने आपली अशीच सेवा जानेवारी २०१६ मध्ये गुंडाळली. तिथे निर्बंधही नव्हते, मालकाची इच्छा पुरेशी होती.

पर्याय नाहीत, असे कोणी म्हणू नये. बर्लिनची कोडबर्ग ही सभासदांची ना-नफा संस्था आहे. ती मुक्त सॉफ्टवेअरपुरतीच असल्याने गिऱ्हाइकाचे खासगी काम तिथे ठेवता येणार नाही. पण तिथे चालणारी फोर्जेओ ही प्रणाली कोणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येते. डेबियन व ग्नोम हे प्रकल्प गिटलॅबची मुक्त आवृत्ती स्वतःच चालवतात. सभासदांची संस्था म्हणजे आपोआप लोकशाही, असे मात्र मी म्हणणार नाही. साखर कारखान्यांत सभासद कसा नावापुरता उरला, हे आपण पाहिले आहे.

“भाड्याच्या सर्व्हरचा मालकही परकाच ना?” असे त्या विद्यार्थ्याने मला विचारले. खरे आहे. परंतु तो घरमालक बदलता येतो, आणि चर्चा व नोंदींसह सारा संसार उचलून नेता येतो. त्यासाठी रोजची राखण प्रत काढणे, ती उघडते का हे पाहणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर बसवणे, हे काम कोणाला तरी करावे लागते. फुकट सेवेची खरी भुरळ या कष्टांच्या सुटकेत आहे, आणि ती मी क्षुल्लक मानत नाही.

तक्त्यात आता मालकीचा रकाना आला आहे. राखण प्रतींची पाळी कोणी घ्यायची, यावर त्यांचे अजून भांडण चालू आहे.