स्टॅम्प पेपर म्हणजे आरसी नव्हे, भाऊ!

थंडी पडली की आपल्या गोंदियात जुन्या जिप्सीचा ताप चढतो. कंपनीने जिप्सी बनवणं केव्हाच बंद केलं, म्हणून जुनीलाच भाव. कोणी बालाघाटहून आणते, कोणी दुर्गहून. टप कापलेला, टायर रुंद, नागझिऱ्याच्या गेटवर फोटो. कागद काय? तर नोटरीचा स्टॅम्प पेपर! "नाव नंतर करू."

या एका वाक्यावर माझा राग आहे. मीही फसता फसता वाचलो. बयाणा दिल्यावर परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला, तर गाडीवर फायनान्सचा बोजा, विमा संपलेला. विकणारा म्हणे, "तुम्ही फारच कायदा करून राहिले." बयाणा बुडाला, पण गाडी सोडली.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं. घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. कर्ज फिटलं असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. बाहेरच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर एमएच-३५ घ्यावाच लागते. आणि टप कापणं ही हौस नाही. कलम ५२ खाली गुन्हा आहे, दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

काही जण म्हणतील, आरटीओत एजंटाशिवाय कागद हलत नाही. तक्रार खरी आहे, त्यावर जरूर भांडू. पण विमा नसलेल्या त्या जिप्सीखाली उद्या सायकलवाला आला, तर त्याच्या बायकोने भरपाई कोणाला मागायची? स्टॅम्प पेपरवाल्याला?

६ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं: आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, जबाबदारी त्याचीच. त्या प्रकरणात गाडी कितीतरी हातांतून फिरली होती. म्हणून विकणाऱ्या भावांनो, पैसे मोजून मोकळे झालो असं समजू नका. नाव बदलेपर्यंत गाडी तुमच्याच गळ्यात आहे.

आधी आरसी, बोजा, विमा, चेसिस नंबर पाहा. मग बयाणा. मग नागझिरा. वाघ कुठं जात नाही!

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.