मुलाखत एका विद्यार्थिनीची

या सदरातून आजवर आहार, निद्रा, सांधेदुखी अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळी एका विद्यार्थिनीची मुलाखत घेतली, आणि तिच्याविषयी लिहिताना जो आनंद लाभला तो औषधांविषयी लिहिताना क्वचितच लाभतो. विद्यार्थिनीचे वय ७१. रक्तदाब आणि मधुमेह यांसाठी ती अनेक वर्षे माझ्याकडे येते. गेल्या वर्षापासून ती गावातील साक्षरता वर्गात जाते.

प्रश्न विचारणे हा आम्हा डॉक्टरांचा रोजचाच व्यवहार. परंतु किती दिवस दुखते, भूक लागते का, अशा प्रश्नांना आम्हांला नेमके आणि थोडक्यात उत्तर हवे असते. मुलाखतीत मात्र "मग पुढे?" एवढेच विचारून थांबायचे असते. "मावशी, या वयात शाळा कशी सुचली?" या प्रश्नावर ती बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "भाऊ शाळेत जायचे, मी गुरं राखायला. ते जाऊ द्या. मी गोळ्यांपायी शाळेत गेले."

गोळ्यांची तिची ओळख रंगावरून होती. पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या रंगांत काढतात. दुकानातून दुसऱ्या कंपनीची गोळी आली की ही आपली नव्हे असे समजून रविवारी मुलगा येईपर्यंत ती गोळी घेतच नसे. तिच्या मधूनच चढणाऱ्या रक्तदाबाचे एक कारण त्या दुपारी उलगडले.

मराठी वाचता येऊ लागली तरी गोळ्यांच्या पाकिटावरील नावे बहुधा इंग्रजीत. त्यावर तिने स्वतःच तोड काढली. कंपनीचे नाव बदलले तरी मूळ औषधाचे नाव बदलत नाही, हे तिने माझ्याकडून समजून घेतले आणि ते नाव चित्र काढावे तसे वहीत उतरवले. शेजारी मराठीत वेळ लिहिली. आकडे तिला नोटांवरून ठाऊक होतेच. ५०० आणि १००० यांतील फरक ती बोट ठेवून दाखवते. नाव किंवा आकडा जुळला नाही, तर दुकानातच उभी राहून विचारते. घरातील वृद्धांची काळजी वाहणाऱ्यांनी अशी वही आजच करावी, मोठ्या अक्षरांत. मात्र आजोबा वाचत नाहीत असे ठरवण्यापूर्वी मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

केरळातील कार्त्यायनी अम्मांनी २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, राज्याच्या साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळवले. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते. हे सांगितल्यावर मावशींनी फक्त एक प्रश्न विचारला, "त्यांचे दोन गुण कुठं गेले?"

उतारवयात शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो का, असे वाचक विचारतील. बालपणी शिक्षण कमी मिळालेल्यांना त्याचा धोका अधिक असतो, हे अभ्यासांत दिसले आहे. सत्तरीत पाटी हाती घेतल्याने तो नक्की टळेल, अशी हमी मी देणार नाही. मावशींनी ती मागितलीही नाही.

हा मजकूर लिहून झाल्यावर तिच्यापुढे ठेवला. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षरांशी अडखळत, तिने तो वाचायला घेतला. "स्मृतिभ्रंश" या शब्दापाशी ती थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. अर्धा तास लागला. बाहेर दोन रुग्ण खोळंबले होते. त्यांना मी थांबवले. शेवटी चष्मा पुसत ती म्हणाली, "नाव नका छापू डॉक्टर. वय छापा."