मयूर अभयारण्यात आधी पाणी, मग पर्यटन

पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात पर्यटक वाढले की आसपासच्या गावांना रोजगार मिळेल, हा युक्तिवाद रास्तच आहे. मात्र १९९४ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला किती पर्यटक झेपतील, हे तेथील रस्ते आणि निवासव्यवस्था यांपेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून आहे, याचा विसर पडू नये.

बालाघाटच्या डोंगररांगांतील हे जंगल शुष्क पानझडी, म्हणजे कोरड्या ऋतूत पाणी टिकवण्यासाठी पाने गाळणाऱ्या वृक्षांचे आहे. उन्हाळ्यात ओढे आटले की वन्यजीव मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि मोर तेथे हमखास दिसतो म्हणून कॅमेरेही तेथेच रोखले जातात. सकाळ-संध्याकाळ पाण्यावर येणारा हा बुजरा पक्षी माणसाची चाहूल लागताच झुडपात शिरतो आणि तहानलेलाच राहतो. पावसाळ्यात पिसारा फुलवलेला मोर पाहण्यासाठी गर्दी होते, तेव्हा त्याच्या विणीचा हंगाम असतो. लांडोर जमिनीवरच उथळ खळग्यात चार ते सहा अंडी घालून ती सुमारे चार आठवडे उबवते, त्यामुळे वाट सोडून झुडपात शिरणाऱ्याच्या पायाखाली आख्खे घरटे चिरडले जाऊ शकते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पर्यटकाला अभयारण्यात परवान्यानेच प्रवेश मिळतो. म्हणजे हा प्रवेश हक्क नसून सवलत आहे आणि सवलतीला अटी असणे गैर नाही. सकाळ-संध्याकाळ पाणवठ्याजवळ जाण्यास मनाई करावी, निरीक्षणासाठी दूरवर लपण, म्हणजे पक्ष्यांना माणूस दिसू नये असा आडोसा, उभारावा आणि विणीच्या काळात ठरलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू देऊ नये. पेरलेले दाणे आणि कोवळे कोंब मोर टिपून नेतो, तरी शेजारची गावे त्याला सांभाळून घेतात. म्हणून वाटाड्याचे काम तेथील तरुणांनाच द्यावे आणि प्रवेश शुल्कातून उन्हाळ्यात पाणवठ्यांवर टँकर पोहोचवावेत.

ज्या जिल्ह्यात माणसालाही टँकरची वाट पाहावी लागते, तेथे मोराच्या पाण्यावर गर्दी करणाऱ्या सहलीला निसर्गपर्यटन म्हणता येणार नाही. वन विभागाने येत्या उन्हाळ्यापूर्वी या अटी लागू कराव्यात.

— एक वाचक, जि. बीड