रेषा दाखवता, मग जागाही दाखवा!



पावसाळा तोंडावर आला आणि वैतरणेच्या काठच्या आपल्या पाड्यांत घरकुलं अडली आहेत. यादीत नाव आहे, पण बांधायला परवानगी नाही. कारण एकच सांगतात, "तुमची जागा निळ्या रेषेत येते." ही रेषा काय आहे ते आधी समजून घेऊ.

पाटबंधारे खातं नदीच्या दोन्ही काठांना नकाशावर दोन रेषा आखतं. २५ वर्षांत एकदा येईल एवढ्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढतं ती निळी रेषा. १०० वर्षांत एकदा येईल अशा पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथं शेती चालेल, मैदान चालेल, घर चालणार नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथं जोतं पुराच्या वर उचललं तर परवानगी मिळू शकते.

आम्ही या रेषेच्या विरोधात नाही. पाणी काय करतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. भाताची कणगी मागे टाकून, लेकरं खांद्यावर घेऊन रात्री शाळेच्या ओट्यावर आम्हीच जाऊन बसतो. आमचं भांडण रेषा आखून हात झटकणाऱ्यांशी आहे. त्यांना आमचे तीन सवाल आहेत.

पहिला सवाल. आम्ही नदीच्या कडेला आलो कसे? हौसेनं आलो का? म्हातारी माणसं सांगतात, वरचा माळ जंगल खात्याच्या हद्दीत गेला आणि सपाटीची शेतं सावकार-जमीनदारांच्या नावावर चढली. उरली ती नदीची कड, कारण ती कुणालाच नको होती. तिथं आम्ही कुडाची घरं घातली. वाहून गेली की पुन्हा कारवी आणून उभी केली. ज्या धोक्याच्या नावानं आज आमची परवानगी अडवता, त्या धोक्यात आम्हाला ढकललं कुणी?

दुसरा सवाल. हा पूर एकट्या नदीचा आहे का? मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी पाच तलाव ठाणे, पालघर, नाशिकच्या आपल्या पट्ट्यातल्या नद्यांवर आहेत. त्यातली तीन धरणं एकट्या वैतरणेवर : अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर. पूर आधीही यायचा. पण आता धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि काठच्या गावांना फक्त 'सावध राहा' असा निरोप येतो. मुंबईची तहान भागते, पाणी मात्र आमच्या चुलीत शिरतं. मग आमची घरं उंचावर नेण्याचा खर्च एकट्या आमच्या माथी का?

तिसरा सवाल. रेषा सगळ्यांना सारखी आहे का? पैसेवाला फार्महाऊस बांधतो तेव्हा त्याचा आर्किटेक्ट नकाशा काढतो, भराव टाकून जोतं उचलतो आणि फाईल पुढं सरकते. त्याच्या भरावामुळे पाण्याची वाट अडते आणि ते समोरच्या काठावर, आमच्या पाड्यात चढतं. घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. आपल्या कातकरी भावांना जनमन योजनेतून २ लाख. एवढ्यात पुरुषभर जोतं उचलायचं की भिंती उभ्या करायच्या?

आणि कागदांचा फेरा तर विचारू नका. ग्रामपंचायत म्हणते पाटबंधाऱ्याचा दाखला आणा. दाखल्याला गेलं की मोजणीचा नकाशा मागतात. नकाशाला गेलं की सातबारा मागतात. सातबारा असता तर आम्ही नदीच्या कडेला राहिलो असतो का?

साहेब म्हणतात, "तुमच्याच जिवासाठी सांगतो, वर जा." मंग वर जायाचं कुठं? वर पाय ठेवला की जंगल खात्याचा गार्ड उभा. पण कायदा काय सांगतो ते ऐका. वनहक्क कायदा २००६, कलम ३ : वनजमिनीवर कसण्याचा तसाच राहण्याचाही हक्क आहे. त्यापुढं सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधता यावं म्हणून ती काढली. म्हणजे वाट आहे. 'वनजमीन आहे, देता येत नाही' हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

पण वर म्हणजे कुठंही वर नव्हे. शेजारच्या रायगड जिल्ह्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी या ठाकर भावांच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. पाण्यातून काढून दरडीखाली नेऊन ठेवणार असाल तर तसलं पुनर्वसन आम्हाला नको.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. जागा न देता दिलेला नकार म्हणजे हुसकावणीच. ज्या कागदावर 'इथं बांधू नका' लिहाल, त्याच कागदावर 'इथं बांधा' असं लिहून जागेचा गट नंबर द्या.

आमच्या मागण्या :
१. निळ्या रेषेतल्या प्रत्येक कुटुंबाला लाल रेषेच्या वर, पाड्याच्या जवळ, नावावर जागा द्या.
२. जागा ग्रामसभा सुचवेल. दरडीची तपासणी सरकारने स्वतःच्या खर्चाने करावी.
३. जागा मिळेपर्यंत एकही घर पाडू नका, एकाही कुटुंबाचं घरकुल रद्द करू नका.
४. नदीकाठचे भराव आधी मोजा, आधी काढा.

आणि साथींनो, आपणही तीन कामं करायची. तोंडी नकार घ्यायचा नाही, लेखी मागायचा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचं नाही. आणि येत्या ग्रामसभेत प्रत्येक घराचं नाव, पाणी कुठवर चढलं ती खूण आणि घरासाठी सुचवलेली जागा ठरावात लिहून घ्यायची. बायांनी ग्रामसभेला पुढं बसावं. पुरात घर सावरणाऱ्या त्याच आहेत.

रेषा तुमची, जागा कुणाची? आमची, आमची!
आदिवासी एकजुटीचा विजय असो!